टेबल कुठे जाणार?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्रमुख न्यायाधीश महोदय. वेळात वेळ काढून आलेल्या बालकल्याण मंत्रीमहोदया. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण सगळे एवढे नटूनथटून आलो आहोत त्या आमच्या न्यायाधीश मॅडम. पहिल्या रांगेत अगदी कडेला, दाराजवळची खुर्ची पकडून बसलेले त्यांचे यजमान. पोलीस, दवाखाना, शाळा, बालगृह, शिशुगृह आणि कल्याण विभाग इथली सगळी मंडळी. माझे वकील बंधू-भगिनी. आणि सगळ्यात मागे बसवलेल्या, पण खरं तर ज्यांना सगळ्यात पुढे बसवायला हवं होतं अशा माझ्या छोट्या दोस्तांनो, तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार.

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. वर हळूच बजावलंय, "ताई, शुभेच्छापर बोला हं, युक्तिवाद नको." आता काय सांगू यांना? माझा सगळा जन्म या बालन्यायालयात सरकारी वकील म्हणून गेला. घरात मीठ मागायचं तरी मी तीन मुद्दे मांडते, असं माझी सून म्हणते. तेव्हा थोडं इकडे-तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट तुमच्या नजरेस आणून द्यायची आहे. त्या बाजूच्या टेबलावर भेटवस्तू मांडल्यात, बघा. पोलिसांनी मॅडमना भिंतीवरचं घड्याळ दिलं. कल्याण विभागानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. दवाखान्यानं दिलं, शाळेनं दिलं, आणि आमच्या वकील मंडळानं, बैठक घेऊन, वाद घालून, शेवटी एकमतानं काय ठरवलं असेल? बरोबर! हसा, हसा. मॅडमही हसतायत, पण त्या का हसतायत हे मला पक्कं माहीत आहे. अहो, निवृत्त झालेल्या बाईला आता कुठे वेळेवर पोचायचंय? पण आपण एकमेकांना विचारलंच नाही ना, की तुम्ही काय देताय म्हणून! ही आपली जुनी खोड आहे, आणि तिच्याबद्दलच मी बोलणार आहे.

दुसरी गोष्ट दाराबाहेर आहे. येताना तुम्ही पाहिला असेल, एक टेम्पो उभा आहे. त्यात एक गोल टेबल दोरीनं बांधून ठेवलंय. सोमवारी आपलं न्यायालय नव्या इमारतीत जाणार, तिथे सगळं सामान नवं. म्हणून प्रशासनानं हे टेबल मॅडमच्या घरी पोचवायचं ठरवलंय. भावना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या मते त्या टेबलाचा निकाल अजून लागलेला नाही. मी आज त्या टेबलाची वकील म्हणून उभी आहे, असं समजा.

आता हे टेबल आलं कुठून, ते ऐका. इथल्या नव्या लोकांना माहीत नसेल.

खूप वर्षं झाली. देशानं नुकताच मुलांच्या हक्कांचा कायदा केला होता. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी सभागृहात एकत्र उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी घरी टीव्हीवर बघत होते, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. आख्ख्या देशानं मुलांना वचन दिलं होतं, की तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तुमच्याबद्दल काही ठरवणार नाही. केवढी मोठी गोष्ट! मग प्रत्येक कार्यालयात पाट्या लागल्या, 'आम्ही मुलांचं ऐकतो.' प्रत्येकानं एकेक खोली रंगवून घेतली, भिंतीवर ससे काढले. आमच्याही भिंतीवर एक हत्ती होता. त्याला चित्रकारानं दोन सोंडा काढल्या होत्या, पण ते जाऊ दे.

वचन आपण सगळ्यांनी मिळून दिलं. आणि पाळायला मात्र जो तो आपापल्या खोलीत जाऊन बसला.

अशात एक दिवस आमच्यासमोर एक मुलगी आली. असेल सात-आठ वर्षांची. आई इस्त्रीच्या दुकानात काम करायची, दुकानामागच्याच खोलीत राहायची. वडील कधीचेच निघून गेलेले. आई आजारी पडली आणि आठवडाभरात गेली. मुलगी बालगृहात आली. पुढे तिचं काय करायचं, ते मॅडमनी ठरवायचं होतं. मॅडम तेव्हा नव्यानंच आलेल्या. केस काळेभोर, आवाज हाच, चष्माही हाच असावा असा मला दाट संशय आहे.

त्या वेळचं न्यायासन आठवतं का कुणाला? एवढं उंच! मॅडम वर, आम्ही खाली, आणि ती मुलगी आणखी खाली. वरून मॅडमना तिच्या केसांची लाल रिबीन तेवढी दिसत होती. मॅडमनी वाकून विचारलं, "बाळ, काय झालं ते सांगशील का?" पोरगी गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. समुपदेशक बाईंनी विचारलं, मी विचारलं. मी तर माझ्या मते फार गोड आवाजात विचारलं होतं, पण माझा गोड आवाज ऐकून आमच्या घरचं मांजरसुद्धा पलंगाखाली जातं. तिनं तोंड उघडलं नाही.

मग मॅडम खुर्चीवरून उठल्या. खाली आल्या, आणि चौथऱ्याच्या पायरीवर चक्क बसल्या. काळा गाऊन वगैरे सगळं घेऊन. आमच्या पट्टेवाल्यांना कळेना, की आता आपण उभं राहायचं की बसायचं. ते बिचारे मधल्यामध्ये, गुडघे वाकवून थांबले. मॅडमनी पर्समधून एक गोळी काढली, संत्र्याची, आणि तिच्यापुढे धरली.

ती म्हणाली, "मला नको. माझ्याकडे खूप आहेत."

आणि तिनं फ्रॉकच्या खिशात हात घालून मूठ बाहेर काढली. मग दुसरी मूठ. पायरीवर गोळ्यांचा ढीग झाला. लाल, हिरव्या, चॉकलेटच्या, काही विरघळून कागदाला चिकटलेल्या. मॅडमनी विचारलं, "अगं, कुणी दिल्या एवढ्या?" तर ती एकेक उचलून सांगायला लागली. "ही पोलीस काकांची. त्यांना मी आईचं सांगितलं. ही डॉक्टर मावशींची. त्यांना पण सांगितलं. ही शाळेच्या मोठ्या बाईंची, त्या रडल्या. ही गाडीतल्या काकांची. ही त्या तिथे बसल्यात त्यांची." असं करत करत तिनं आमच्या सगळ्यांकडे बोट दाखवलं. "सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही त्यांनाच विचारा ना. मला सारखं सारखं नाही सांगायचं."

मंडळी, आई गेल्याचं ते लेकरू कितीतरी जणांना, कितीतरी खोल्यांमध्ये, सशांच्या चित्रांकडे बघत सांगत आलं होतं. कुणी तिला दरडावलं नव्हतं. प्रत्येकानं मायेनं विचारलं होतं. प्रत्येकानं कायदा अगदी मनापासून पाळला होता. आणि तो पाळण्यापायी पोरीची बोलायची इच्छाच संपली होती.

मॅडमनी ढिगातली एक गोळी उचलून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं, नको सांगूस. पण या गोळ्या खाल्ल्या का नाहीस?"

"भावाला ठेवल्यात."

"भाऊ? कुठे आहे तुझा भाऊ?"

"ते मीच विचारणार होते," ती म्हणाली. "सगळे मलाच विचारतात. मी विचारू का?"

"विचार की."

"माझा भाऊ कुठे आहे?"

सभागृहातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, त्या खोलीत आम्ही एवढे सगळे शिकलेसवरलेले लोक होतो, आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. पोलीस म्हणाले, "आम्ही दोघांनाही सोपवलं होतं. मुलगी एका गाडीत, बाळ दुसऱ्या गाडीत." कल्याण विभाग म्हणाला, "बाळ नातेवाइकांकडे गेलं, असं आम्हाला वाटलं." दवाखाना म्हणाला, "आमच्याकडून ते शिशुगृहात गेलं, आम्ही कळवलं होतं." "कुणाला कळवलं?" "यांना." "छे, आम्हाला कुठे कळवलं?" झालं! जुंपली. मीही त्यात होते बरं का, मी कशी मागे राहीन? पाच-सहा मोठी माणसं एकमेकांवर बोटं दाखवत तावातावानं बोलतायत, आणि ती पोरगी पायरीवर बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतेय. शेवटी तिनं मॅडमचा गाऊन ओढला आणि विचारलं,

"तुमची सगळ्यांची कट्टी आहे का?"



अहो, काय उत्तर द्यायचं? ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की हे लोक एकमेकांशी बोलत नाहीत म्हणजे यांची कट्टी असणार. मी कायद्याची मोठमोठी पुस्तकं वाचली आहेत, पण आपल्या कारभाराचं इतकं नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

मॅडमनी तिथूनच, पायरीवरूनच, शिशुगृहाला फोन लावायला सांगितला. पलीकडून तिथल्या मोठ्या परिचारिका बोलल्या. हो, एक मुलगा आहे. तीनेक वर्षांचा. आल्यापासून एक शब्द बोललेला नाही, मुका आहे बिचारा. पण आम्ही सगळी व्यवस्था केलीये मॅडम, दूरच्या शहरात मुक्या मुलांची छान निवासी शाळा आहे, तिथे जागा मिळालीये. गाडी आत्ताच निघतेय, फाटकातच आहे.

मुलगी शेजारीच बसली होती. तिला ऐकू आलं. ती ताडकन उठली. "तो मुका नाहीये! आईनं सांगितलंय, अनोळखी माणसांशी बोलायचं नाही. म्हणून तो बोलत नाही!"

तीन वर्षांचं पोर. आई गेली, बहीण गेली, घर गेलं. रोज नवे चेहरे येऊन लाडानं म्हणतायत, बोल रे सोन्या, बोल. आणि ते लेकरू तोंड घट्ट मिटून आईचं ऐकतंय. आणि तेवढ्यावरून आम्ही, अगदी कळवळून, त्याला बहिणीपासून आयुष्यभरासाठी लांब पाठवत होतो. 

मॅडम फोनमध्ये म्हणाल्या, "गाडी वळवा."

पलीकडून काहीतरी 'पण' आला असावा.

"आधी वळवा. कारण मग सांगते."

मी सरकारी वकील. माझं काम मी केलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, फोनवर तोंडी असा हुकूम देता येत नाही, माझा आक्षेप आहे." मॅडम म्हणाल्या, "घ्या ना आक्षेप. तुमचं होईपर्यंत मी बोलून घेते." हे त्यांचं पहिलं वाक्य, जे ऐकून मी त्यांच्या प्रेमात पडले. राग तर अजूनही येतो, ती गोष्ट वेगळी.

गाडी आली. परिचारिकेच्या कडेवर ते बाळ. नाक वाहतंय, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. आत येऊन त्यानं आम्हा सगळ्यांकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं. मग बहीण दिसली. ती म्हणाली, "बोल रे, चालतंय. मी आहे." त्यानं पुन्हा एकदा आमच्याकडे बघितलं. मग पायरीवरच्या ढिगाकडे बघितलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ताई, गोळी!"

आमचे पट्टेवाले तोंड फिरवून भिंतीवरच्या हत्तीकडे बघायला लागले. मी नाक शिंकरलं. मॅडम मात्र एकेका गोळीचा चिकटलेला कागद सोडवत बसल्या होत्या.

मग त्यांनी मुलीला विचारलं, "तुम्हाला दोघांना नीट ओळखणारं कुणी आहे का गं?" ती म्हणाली, "मावशी आहेत ना. बाहेर बाकावर बसल्यात. त्या रोज येतात, पण त्यांना कुणी आत घेत नाही." आणि खरंच, इस्त्रीच्या दुकानाच्या मालकीणबाई बाहेर बसून होत्या. नात्यातल्या नाहीत, म्हणून प्रत्येक दारातून त्यांना परत पाठवलं होतं. त्या आत आल्या, मुलांना जवळ घेतलं, आणि पहिल्यांदा त्या छोट्याच्या स्वेटरची बटणं काढून नीट लावली. न्यायालयासमोर पुरावा पुरावा म्हणतात तो आणखी काय असतो? चौकशा झाल्या, माझे आणखी दोन आक्षेप झाले, ते मॅडमनी फेटाळले, आणि दोन्ही मुलं मावशींच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, की यापुढे मूल एकदाच सांगेल, आणि ज्या कुणाला ऐकायचंय त्यानं एकाच वेळी, एकाच टेबलाभोवती बसून ऐकायचं. आणि पहिला प्रश्न मुलाचा. आपण विचारण्याआधी मुलानं विचारायचं. त्यासाठी त्यांनी गोल टेबल मागितलं. भांडार विभागानं कळवलं, की गोल टेबल हे जेवणाचं असतं, न्यायाचं टेबल चौकोनी असतं. यावर मॅडमनी काय करावं? स्वतःच्या स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल उचलून आणलं! तेव्हापासून मुलं त्यांना 'गोलबाई' म्हणतात. ते पहिल्यांदा कानावर आलं, तेव्हा मॅडम आठवडाभर भात सोडून बसल्या होत्या. शेवटी मीच सांगितलं, "अहो, तुम्हाला नाही, टेबलाला म्हणतायत."

आणि त्यांचे यजमान! उभे राहता का जरा? टाळ्या होऊ द्यात यांच्यासाठी. इतकी वर्षं हा माणूस ताट मांडीवर घेऊन जेवलाय. एकदा मी विचारलं, "अहो, दुसरं टेबल का घेत नाही?" तर म्हणाले, "हिला रोज वाटतं, उद्या न्यायालयाचं मंजूर होईल." बसा, बसा. तुमच्याशी माझं काम आहे अजून.

त्या टेबलाशी किती मुलं बसली, काय काय विचारून गेली! "आजी, मी खोटं बोललो तर तुम्ही रागावणार?" "माझं मांजर कोण बघतंय?" "मी इथून घरी गेलो तर बाबा मला परत मारणार नाही ना?" आपल्याला विचारायला सुचलाही नसता असा प्रत्येक प्रश्न, आणि खरी गोष्ट नेहमी त्याच प्रश्नात असायची. पोलीस आणि डॉक्टर एका टेबलाला बसल्यावर आपसात बोलायला लागले. कल्याण विभाग आणि शिशुगृह तर एकमेकांच्या घरच्या लग्नाला जायला लागले. आता घड्याळांच्या बाबतीत माशी शिंकली, ते सोडा.

अध्यक्ष महोदय, आता मी मुद्द्यावर येते. नव्या इमारतीचा नकाशा मी पाहिलाय. सुंदर आहे. प्रत्येक विभागाला स्वतंत्र दालन, स्वतंत्र दार. न्यायासन पुन्हा उंच. गोल टेबलाला जागा नाही. कुणाचा वाईट हेतू आहे का? मुळीच नाही. त्या दिवशी गाडी निघाली होती, तेव्हाही नव्हता.

काल मी मॅडमच्या दालनात गेले. सामान आवरून झालं होतं. मी म्हटलं, "मॅडम, आम्ही सगळ्यांनी मिळून तुमचा समारंभ ठरवला, शाल ठरवली, कोण बोलणार ते ठरवलं. तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न तुमचा. विचारा." त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. खाली माणसं टेबल टेम्पोत चढवत होती. मला वाटलं, त्या निवृत्तिवेतनाचं विचारतील, नाहीतर माझ्या गुडघ्याचं विचारतील. त्यांनी विचारलं, "टेबल कुठे जाणार?"

मी म्हटलं, "तुमच्या घरी." त्यांनी नुसतीच मान हलवली आणि चष्मा पुसत बसल्या. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांसाठी हुकूम दिले, तिनं स्वतःसाठी एक शब्द मागितला नाही. मला रात्रभर चैन पडलं नाही, म्हणून मी इथे बोलतेय. उद्या मॅडम घरी बसतील आणि त्या टेबलावर जेवतील, आणि प्रत्येक घासाला त्यांना आठवेल, की सोमवारी कुठलं तरी लेकरू उंच न्यायासनाखाली उभं आहे आणि वरून त्याची फक्त रिबीन दिसतेय. असा निरोप देणार आहोत का आपण त्यांना?

तर महोदय, आमच्या न्यायालयाची रीत पाळून मी मॅडमचाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. टेबल कुठे जाणार? मी थांबते. संयोजक मला चिठ्ठ्या पाठवतायत, त्या मी बघणार नाही.

अध्यक्ष महोदय मंत्रीमहोदयांच्या कानात काहीतरी बोलतायत. कट्टी नाही, हे बघून बरं वाटलं. काय म्हणालात, सर? माईकवर आलं नाही. "नव्या इमारतीच्या दारातून आत जाईल का?" जाईल, सर! पाय निघतात त्याचे. आणि नाहीच गेलं, तर दार मोठं करू. मान हलली! मंडळी, तुम्ही सगळे साक्षीदार आहात, मान हलली. सोमवारपासून बसणारे नवे न्यायाधीश महोदयही टाळ्या वाजवतायत. म्हणजे त्यांचाही आक्षेप नाही.

यजमान, आता तुमच्याशी काम होतं ते हे. तुमचं ताट पुन्हा मांडीवर. चालेल? दोन्ही हात वर केलेत त्यांनी. देव तुमचं भलं करो.

तिसऱ्या रांगेत इस्त्रीवाल्या मावशी बसल्यात, त्यांच्या शेजारी ती रिबीनवाली. स्वतःचं दुकान चालवते आता, आज मॅडमनी नेसलेल्या साडीची इस्त्री तिच्याच हातची. धाकटा नोकरीमुळे येऊ शकला नाही. सकाळी त्याचा मला फोन आला होता. अर्धा तास बोलत होता. गप्प करायला न्यायालयाचा हुकूम आणावा लागेल, इतका बोलतो.

मॅडम, आपण खूप भांडलो. माझे निम्म्याहून जास्त आक्षेप तुम्ही फेटाळलेत, त्यातले काही चुकून फेटाळलेत, तरीही तुमच्यावर माझा फार जीव आहे. तुमच्याशिवाय मला तिथे करमणार नाही. सुखात राहा. आणि यजमानांसाठी एक लहानसं टेबल घ्या, घड्याळं ठेवायलाही उपयोगी पडेल.

मला बोलू दिलंत, चांगला पाऊण तास ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, पाहुण्यांचे, संयोजकांचे आणि तुम्हा सगळ्यांचे उपकार मानते. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर माझं वय आणि माझा धंदा बघून पोटात घाला.

बसण्याआधी एकच. दाराजवळच्या मंडळींनी जरा बाहेर निरोप द्या. टेम्पोवाल्या दादांना म्हणावं, गाडी वळवा.